गणपती रंगवायला कमी आवाजाचा जुना कॉम्प्रेसर: एका घरातलं प्रकरण

माझी चुलत बहीण पुण्यात शाळेत शिकवते. नाव, सोसायटी काही देत नाही, इथे नुसतं ताई म्हणतो. गेली सहासात वर्षं ती घरी शाडूच्या गणपतीच्या मूर्ती करते, विकायला नाही, नात्यात आणि शेजारी द्यायला, २०२४ ला अकरा मूर्ती होत्या. त्या रंगवायला एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, आणि त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर, एवढी साधी गरज. पण तो कॉम्प्रेसर कमी आवाजाचा हवा, स्वस्त हवा आणि म्हणून जुना हवा, या तीन अटी एकत्र आल्या की गोष्ट किती अवघड होते ते मी त्या पावसाळ्यात बघितलं. मी स्वतः चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कॉम्प्रेसर रोज बघतो पण ते कारखान्याचे, घरात झोपायच्या खोलीशेजारी ठेवायचा कॉम्प्रेसर कसा निवडायचा हे मलाही नव्याने शिकावं लागलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, आमच्या चुकांसकट.

आधीची परिस्थिती

तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, घरात ताई, भाऊजी आणि दहावीतला मुलगा. हॉलच्या कोपऱ्यात मूर्तींचं टेबल, स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी. शाळा, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास सगळं उरकून तिला रंगवायला वेळ मिळतो तो रात्री साडेआठ नवानंतर. हे आधी सांगतोय कारण पुढचे सगळे निर्णय या वेळेभोवतीच फिरले.

आधी ती ब्रशनेच रंगवायची. पण अंगाचा रंग, गालापासून सोंडेपर्यंत हलकं होत जाणारं शेडिंग, पितांबराच्या चुण्यांमधली सावली, हे ब्रशने केलं की पट्टे दिसतात. पेणच्या कारखान्यांमधे हे काम कित्येक वर्षं गन आणि कॉम्प्रेसरवर चालतं, आखणी तेवढी हाताने. ताईने एका ओळखीच्या मूर्तिकाराकडे ते बघितलं आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन (बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग) एअरब्रश घेऊन आली. मग रविवारी जुन्या बाजारात जाऊन ३२०० रुपयांना एक हॉर्सपॉवरचा पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर घेतला, तिथल्या माणसाने चालवून दाखवला, हवा भरली, छान वाटला.

अडचण

जुन्या बाजारातल्या कलकलाटात जो आवाज जाणवलाच नाही तो घरात लावल्यावर भिंती हलवायला लागला. पहिल्याच रात्री खालच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा वर आला, दुसऱ्या रात्री सेक्रेटरींचा फोन. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि आमच्या मोबाइल ॲपवर तो कॉम्प्रेसर एक मीटरवर ८४ ते ८६ दाखवत होता. मोबाइलचं रीडिंग काटेकोर नसतं, दोन आवाजांची तुलना करायला ठीक, तरी एवढा फरक डोळ्यात भरतोच. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही हेही लक्षात ठेवा, दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं.

दुसरी गोष्ट आवाजापेक्षा जास्त जिव्हारी लागली. त्या कॉम्प्रेसरला तेल होतं, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, त्यामुळे हवेबरोबर तेलाचा बारीक धूर येत होता आणि पावसाळ्यातल्या दमट हवेचं पाणीही. शाडू कच्चा असतो, भाजलेला नसतो. पांढऱ्या बेसवर तेलाचा थेंब पडला की तिथे रंग धरतच नाही, गोल डोळ्यासारखी जागा सुटते, आणि पाण्याचा थेंब पडला की बेस उकलून खालची माती दिसायला लागते. ताईची सगळ्यात मोठी मूर्ती, माझ्या आईसाठी केलेली, अशी पोटावर डागाळली. तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता.

"अरे, मला यातलं कळत नाही, तू ये आणि मला नीट घेऊन दे. सात हजारांच्या वर नको. आणि आजींना त्रास झालेला मला चालणार नाही."

जून संपत आला होता, गणपती ७ सप्टेंबरला. मूर्ती सुकायला पावसाळ्यात वेळ लागतो म्हणजे रंगकाम ऑगस्टमधेच, हातात फार तर पाच आठवडे.

नक्की किती हवा लागते

बघायला निघण्याआधी आम्ही एक संध्याकाळ नुसता हिशोब केला आणि ती सगळ्यात उपयोगाची संध्याकाळ ठरली. लोक थेट हॉर्सपॉवरवर जातात, पण एअरब्रशला ताकद फार कमी लागते. ०.३ च्या नोझलला १५ ते २५ पीएसआय प्रेशर पुरतं, आपल्याकडे दुकानात किलोत बोलतात, म्हणजे एक ते पावणेदोन किलो. आणि हवा मिनिटाला दहा ते पंधरा लिटर, तीही बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ. म्हणजे एक हॉर्सपॉवरचा मुळात गरजच नव्हता. तो गॅरेजचा जीव, टायर आणि गाड्यांच्या गनसाठी.

मग प्रश्न राहतो टाकीचा. टाकी नसली तर पिस्टनचे धक्के थेट ब्रशपर्यंत येतात, फवारा थरथरतो. टाकी लहान असली तर मोटर सारखी चालू बंद होते. आणि शेजाऱ्याला त्रास कशाचा होतो, तर एकसारख्या आवाजापेक्षा मधेच चालू होणाऱ्या आवाजाचा जास्त. हे आजींनीच सांगितलं, "एकदा डोळा लागतो आणि पुन्हा ते घुर्रर्र सुरू होतं ग."

समोर असलेले पर्याय

पहिला, छंदवाल्यांसाठीच येणारा छोटा कॉम्प्रेसर, १/६ हॉर्सपॉवर, खाली तीन लिटरची टाकी. प्लास्टिक मॉडेलवाली मंडळी बहुतेक हाच वापरतात. माहितीपत्रकात आवाज ४७ डेसिबल, मिनिटाला वीसेक लिटर हवा, तीन बारला (बार म्हणजे जवळपास किलोच) चालू आणि चारला बंद. नवा दहा हजारांच्या पुढे जात होता, जुना एका मुलाकडे पाच हजारांना मिळत होता, परदेशी शिकायला चालला होता म्हणून विकत होता. खरं सांगतो, टेबलावर बसून छोटं विमान किंवा रणगाडा रंगवायचा असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. आमची शंका अशी की तीन लिटर टाकीत चार बारपासून दीड बारपर्यंत वापरायची हवा फक्त साडेसात लिटर, म्हणजे दीडदोन फुटी मूर्तीवर सलग फवारा मारला तर मोटर जवळजवळ थांबणारच नाही, आणि हे छोटे पंप अर्ध्यापाऊण तासात चांगलेच तापतात, हवा गरम आली की पाणीही जास्त. आम्ही दोन दिवस विचार करत बसलो तोवर तो विकला गेला.

दुसरा, फ्रिजचा कॉम्प्रेसर. आवाजाच्या बाबतीत याला तोड नाही, आपला फ्रिज चालू आहे की बंद हे आपल्याला कळतं का, तेवढाच. एका एसी मेकॅनिकने बनवून ठेवलेला होता, २५०० रुपये. गेलो, बघितला, चालवला, खरंच कुजबुजल्यासारखा चालत होता. ताईचा जीव त्याच्यावरच बसला. पण तो नाकारला आणि त्याची कारणं नीट सांगतो कारण बरेच जण घरी हे बनवतात. एक म्हणजे टाकी, त्याने आग विझवायच्या जुन्या सिलिंडरला वेल्डिंग करून नळ्या जोडल्या होत्या, प्रेशर जास्त झालं तर हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, खाली पाणी काढायचा कॉक नाही. आत किती गंज आहे हे देवालाच माहीत. दुसरं तेल, या पंपात तेल भरलेलंच असतं आणि चांगला फिल्टर नसेल तर ते थोडं थोडं हवेबरोबर बाहेर येतंच, शाडूचा अनुभव ताजा होता. तिसरं, फ्रिजच्या मोटरला समोर प्रेशर असताना सुरू व्हायची ताकद नसते, मोटर बंद झाल्यावर पंप ते टाकी या नळीतली हवा सोडून द्यायची सोय लागते, ती नव्हती, म्हणून प्रेशर उतरल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला अडखळत होता. हे सगळं दुरुस्त करता येतं, ज्याला येतं त्याने करावंही, पण पाच आठवड्यांत आणि मूल असलेल्या घरात वेल्डिंग केलेली अनोळखी टाकी ठेवायला मी तयार नव्हतो. (घरी बनवणाऱ्यांनी अजून एक बघा, नव्या फ्रिजमधे बरेचदा आर-६००ए असतो, तो आयसोब्युटेन म्हणजे पेट घेणारा गॅस, नळी कापायचं काम जाणत्या माणसाकडेच द्या.)

तिसरा, गाडीत टायर भरायचा बारा व्होल्टचा पंप. यावर वेळ घालवला नाही, धक्के, आवाज, उष्णता तिन्ही वाईट.

चौथा, मूर्तिकाराच्या कारखान्यातच जाऊन रंगवायचं. तो माणूस भला, हो म्हणालाही होता. पण ताईला वेळ रात्री, आणि ऑगस्टमधे त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

पाचवा पर्याय सुचला तो भाऊजींच्या रूट कॅनालमुळे. दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीला हवा लागते, ती बिनतेलाचीच लागते कारण रुग्णाच्या तोंडात जाते, आणि क्लिनिकमधे आवाज चालत नाही. म्हणजे आम्हाला पाहिजे ते सगळं. या कॉम्प्रेसरची मोटर चार पोलची, मिनिटाला १४४० च्या आसपास फिरते, दोन बाजूंना दोन पिस्टन. बाजारात बिनतेलाचे म्हणून मिळणारे स्वस्त कॉम्प्रेसर याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने फिरतात म्हणून किंचाळतात. तेव्हा जाहिरातीत ऑइल फ्री वाचून कमी आवाजाचा असेल असं समजू नका, प्लेटवर आरपीएम बघा. भाऊजींच्या डॉक्टरांनीच सांगितलं की त्यांच्या एका मित्राने मोठं क्लिनिक केलंय आणि जुना कॉम्प्रेसर पडून आहे.

बघायला गेलो तेव्हा

२०१७ ची प्लेट, ५५० वॅट, २५ लिटर टाकी, आठ बार. डॉक्टर सात हजार म्हणाले. मी ताईला आधीच सांगून ठेवलं होतं की किंमत शेवटी बोलायची आणि पहिलं बघायचं ते टाकीचं बूड. मोटर, पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं बदलता येतं पण टाकी आतून गंजली की कॉम्प्रेसर संपला. दाबलेल्या हवेतलं पाणी तळाशी साचतं, रोज कॉक उघडून काढायचं असतं आणि कोणीच काढत नाही.

कॉक उघडला तर अर्धा कप तांबूस पाणी आलं. डॉक्टर प्रामाणिक माणूस, लगेच म्हणाले, "आमची असिस्टंट बाई होती तोवर रोज काढायची, ती गेल्यावर वर्षभर राहिलं असेल." मग प्लग काढून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं, वरवरचा तांबूस थर होता, पापुद्रे सुटलेले नव्हते. बाहेरून बुडाला रंगाचे फुगे आले नव्हते, फुगे असले की आतून गंज पार आलाय असं समजावं.

नंतर भरायची वेळ मोजली. शून्यापासून आठ बार व्हायला चार मिनिटं दहा सेकंद. २५ लिटरची टाकी आठ बारला भरली म्हणजे आत २०० लिटर हवा कोंबली, भागिले चार मिनिटं, मिनिटाला ४८ लिटर. प्लेटवर ११५ लिहिलेलं होतं, पण तो आकडा बरेचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, हातात साधारण निम्मीच येते. आम्हाला पंधरा पुरेत, म्हणजे भरपूर. ॲपवर एक मीटरवर ६४ डेसिबल. समोरासमोर उभं राहून आवाज न चढवता बोलता येत होतं आणि मला त्या आकड्यापेक्षा हेच जास्त पटलं. ताई बाहेर पॅसेजमधे दार लावून उभी राहिली, तिथून फक्त गुणगुण.

मग हवा टिकते का बघायला मोटर बंद केली. इथे आमची पहिली चूक झाली. निदान पंधरावीस मिनिटं थांबायला पाहिजे होतं, पण पेशंट आला, डॉक्टर घाईत, आणि तीन मिनिटांत काटा हलला नाही म्हणून मी मान डोलावली. दुसरी चूक, मल्टिमीटर पिशवीत होता आणि कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, मोजला नाही. दोन्हींबद्दल पुढे बोलणार आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघितली, सुटला आणि परत बसला. मग मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "टाकीची पाण्याने टेस्ट करणार, पास झाली तर उरलेले पैसे, नाहीतर परत आणून देतो." ते तयार झाले. हजार रुपये दिले, ५२०० वर ठरलं आणि टेम्पोत घातला.

टाकीची टेस्ट

आठ बारच्या टाकीला दीडपट म्हणजे बारा बार. इमारतीची पाइपलाइन टेस्ट करायचा हातपंप प्लंबरकडे असतो, ओळखीच्या प्लंबरला तीनशे रुपये दिले. प्रेशर स्विच (प्रेशर बघून मोटर चालू बंद करणारा), गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तोंडं बंद केली, टाकी काठोकाठ पाण्याने भरली, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि हळूहळू बारा बारवर नेऊन अर्धा तास ठेवलं. पाणीच का, तर पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, टाकी कमजोर असेल तर चीर पडून पाणी ओघळेल आणि विषय संपेल. हेच हवेने करून टाकी फुटली तर पत्र्याचे तुकडे उडतात. जुनी टाकी जास्तीच्या हवेने टेस्ट करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमची पास झाली. रिकामी केली, उलटी ठेवली, हेअर ड्रायरने तासभर वाळवली आणि मग डॉक्टरांना बाकीचे ४२०० दिले.

घरी आणल्यावर

ड्राय बाल्कनीत ठेवला, लावला, आणि ॲपवर ६८. क्लिनिकपेक्षा चार जास्त, तीन बाजूंना भिंती आणि खाली फरशी म्हटल्यावर तेवढं होणारच. ताई लगेच खाली आजींकडे गेली, मी वर चालवत होतो. आजी म्हणाल्या, "आवाज तसा नाही ग, पण माझं कपाट थरथरतंय, आतली भांडी वाजतायत."

या एका वाक्याने माझी समजूत बदलली. मी हवेतून जाणारा आवाज मोजत बसलो होतो आणि आजींच्या घरी जात होता तो फरशीतून. मोटर सेकंदाला २४ फेरे मारते, पिस्टन दोन, म्हणजे २४ आणि ४८ हर्ट्झचा धक्का स्लॅबला मिळतो. हा मोबाइलवर धड दिसत नाही, दार लावून थांबत नाही, आणि खालच्या घरात नेमका हाच पोचतो. कॉम्प्रेसरचे रबरी पाय सात वर्षांत दगडासारखे कडक झाले होते. ते बदलून मऊ पाय बसवले, खाली दीड फुटी शहाबादी फरशीचा जाड तुकडा आणि त्याच्या खाली वॉशिंग मशीनला घालतात ते चार रबरी पॅड. वजन आणि खाली मऊ आधार, दोन्ही लागतात, नुसता पातळ फोम ठेवून काही होत नाही, तो आम्ही आधी ठेवून बघितला. हे केल्यावर आजींचं कपाट गप्प झालं. भिंतीला लागलेली एक नळीही थरथरत होती, ती बाजूला बांधली.

ताईला वाटत होतं वरून लाकडी खोका करून झाकूया. मी नको म्हणालो, मोटरला वारा लागला नाही तर तापून ट्रिप होते आणि पिस्टनच्या टेफ्लॉनच्या रिंगा लवकर झिजतात.

तिथून हॉलपर्यंत सात मीटर पीयूची, म्हणजे लवचिक प्लास्टिकची नळी. नळी लांब असली की हवा वाटेत गार होते आणि पाणी नळीतच सुटतं, म्हणून रेग्युलेटरजवळ (टाकीचं प्रेशर ब्रशपुरतं कमी करणारा) एक फिल्टर आणि हाताजवळ, ब्रशच्या आधी, एक छोटा वॉटर ट्रॅप. फिटिंग बोहरी आळीत मिळाली. एअरब्रशचा आटा एक सूत म्हणजे १/८ इंच आणि रेग्युलेटरचा दोन सूत म्हणजे १/४ इंच, मधे रिड्यूसर लागतो, जाताना ब्रश बरोबर न्या आणि तिथेच लावून बघा.

आता त्या दोन चुका. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी. रात्री प्रेशर स्विचपाशी सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता, मोटर थांबल्यावर तो सेकंदभर येतो आणि थांबतो, इथे थांबत नव्हता. याचा अर्थ टाकीच्या तोंडाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि टाकीतली हवा उलटी येतेय. टाकीची टेस्ट केली तेव्हा आतला गंजाचा कण सुटून तिथे बसला असावा, किंवा आधीपासूनच तसं असेल आणि तीन मिनिटांत मला दिसलं नसेल, आता सांगता येणार नाही. टाकी पूर्ण रिकामी करून मगच व्हॉल्व्ह खोलला, नवा २८० रुपयांना बसवला. आठवड्याने दुसरं, संध्याकाळी व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती हुंऽऽ करून थांबायची. कपॅसिटर मोजला, लिहिलेलं १६ मायक्रोफॅरड आणि भरलं १०. बदलला, १८० रुपये. (काढण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा, बंद असला तरी झटका देतो.)

ज्या निर्णयाने खरा फरक पडला

कॉम्प्रेसर आला, पाय बदलले, तरी रात्री साडेनऊला मोटर चालू झाली की ताई दचकायची, तिचं लक्ष रंगापेक्षा खालच्या घराकडे. मग मुलाने सहज विचारलं, "आई, टाकी आधीच भरून ठेवली तर?"

हिशोब मांडला. आठ बारपासून दोन बारपर्यंत गुणिले २५ लिटर, १५० लिटर हवा. शेडिंगला ताई सव्वा बारवर काम करते, मिनिटाला दहाएक लिटर, आणि बटण सलग कधीच दाबलेलं नसतं, रंग बदलणं, मूर्ती फिरवणं, बघत बसणं यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो. घड्याळ लावून बघितलं, मोटर बंद ठेवून ३५ मिनिटं काम झालं. म्हणजे साडेआठला टाकी भरायची, चारपाच मिनिटं मोटर, नवाच्या आत एकदा पुन्हा भरायची, आणि नंतर प्लगच काढून ठेवायचा. साडेनऊपर्यंत रंगकाम, मग आखणी, ती ब्रशचीच. आजींना वेळ सांगून ठेवली. त्यानंतर एकही फोन आला नाही. मोठ्या टाकीचा हा फायदा आम्ही घेताना विचारातच घेतला नव्हता, आम्ही तर फक्त मोटर कमी वेळा लागेल एवढंच बघत होतो.

हे कळल्यावर एका नातेवाइकाने सुचवलं की एक रिकामं एलपीजी सिलिंडर जोडून टाकी अजून वाढवा. ते केलं नाही आणि कुणी करू नये. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचं असतं, आत गॅसचा अंश राहतो, आणि खाली पाणी काढायची सोयच नसल्याने आतून गंजत जातं.

निकाल आणि खर्च

अकराच्या अकरा मूर्ती ३ सप्टेंबरला पूर्ण झाल्या, आईची डागाळलेली मूर्ती ताईने बेस खरवडून पुन्हा रंगवली आणि पोटावरचं शेडिंग इतकं मऊ आलंय की विसर्जनाला आईचा पाय निघेना. पाण्याचा एकही थेंब मूर्तीवर पडला नाही, ट्रॅपमधे मात्र रोज चमचाभर निघत होतं.

खर्च असा: कॉम्प्रेसर ५२००, टेम्पो ३५०, नळी आणि फिटिंग ६४०, फिल्टर रेग्युलेटर आणि ट्रॅप ८७०, प्लंबर ३००, व्हॉल्व्ह २८०, कपॅसिटर १८०, पाय, पॅड आणि फरशी २१०. एकूण ८०३०. म्हणजे बजेटच्या हजार वर गेलो. जुन्या बाजारातला कॉम्प्रेसर एका गॅरेजवाल्याने २५०० ला घेतला, त्यात सातशेचं नुकसान, ते वेगळं. याच जातीचा नवा तेव्हा ९५०० ला मिळत होता, एक वर्षाची वॉरंटी, नळी, फिटिंग, ट्रॅप, पॅड तिथेही लागलंच असतं, म्हणजे सगळं धरून नवा अकरा हजारांच्या घरात. जुन्याने तीनएक हजार वाचले आणि त्या बदल्यात माझे तीन रविवार गेले. ज्याच्या घरात हे काम जाणणारं कुणी नाही त्याने जुन्याला नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये असं माझं मत झालंय.

पुन्हा घ्यायचा झाला तर

सकाळी लवकर, टाकी रिकामी आणि पंप गार असताना बघायला जाईन, आणि विकणाऱ्याला आधीच सांगेन की पाऊण तास लागेल. आठ बारला भरून मोटर बंद, वीस मिनिटं घड्याळ लावून काटा बघायचा, स्विचपाशी कान लावायचा. मग हवा सोडत सोडत प्रेशर खाली आणायचं आणि मोटर आपोआप सुरू होते का, पहिल्या झटक्यात होते का, हे तीनचार वेळा बघायचं, कारण रिकाम्या टाकीवर सगळेच सुरू होतात. कपॅसिटर तिथेच मोजायचा. हे केलं असतं तर डॉक्टरांनी आणखी पाचशे सोडले असते अशी माझी खात्री आहे, त्यांना लपवायचं काहीच नव्हतं, आम्हीच विचारलं नाही.

छोटा तीन लिटरवाला हातचा गेला याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं मूर्तींसाठी तो अपुरा पडला असता. पण भाच्याला मॉडेल करायचा नाद लागतोय, त्याला बाराही महिने टेबलावर थोडं थोडं काम असणार, त्याच्यासाठी तोच बरोबर ठरला असता. काम काय आहे आणि एका बैठकीत किती हवा लागणार हे आधी ठरवून निघालो असतो तर दोन दिवस घोळ घातला नसता.

आणि आजींकडे आधी गेलो असतो. घेण्यापूर्वी. ताईने जुन्या बाजारातला कॉम्प्रेसर लावण्याआधी खाली जाऊन एकदा सांगितलं असतं, तर त्यांना काय ऐकू येतं, त्या कधी झोपतात, कशाचा त्रास होतो हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. कपाटाची गोष्ट त्यांनी सांगितली म्हणून कळली, नाहीतर मी अजून ॲपवरचे आकडे खाली आणत बसलो असतो.

२०२५ ला मूर्ती चौदा होत्या, एक आजींची. भरायची वेळ आता पाच मिनिटांच्या पुढे गेलीये, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजायला लागल्यात. किट मागवलंय, आलं की एका रविवारी बसवतो.